जुबाची साखर

मी काहील बोलतेय. उसाचा रस जिच्यात आटवतात ती. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना माझी ओळख करून द्यायला नको. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं, की माझ्या पोटात एक बोकड आणि त्याचा धनी असे दोघे ऐसपैस बसतील आणि तरी जागेवरून भांडण होणार नाही.

कॅरिबियन समुद्रातल्या कारियाकू बेटावर सगळे मला ‘तांबं’ म्हणतात. अंगात तांब्याचा कण नाही, मी अस्सल बिडाची. माझ्या आधीच्या काहिली तांब्याच्या होत्या म्हणे, त्यांचं नाव मला चिकटलं. मी कधी तक्रार केली नाही. माणसांतही आजोबांच्या पराक्रमावर नातू मिशीला पीळ देतातच की.

माझा जन्म विलायतेतल्या एका ओतशाळेत झाला. तिथून जहाजात बसले तेव्हा माझ्या पोटात खारवलेले मासे रचलेले होते. आमचा दोघांचा मुक्काम एकच होता, ला ग्रास नावाचा उसाचा मळा. मासे तिथल्या गुलामांच्या पोटात जायचे होते आणि त्या गुलामांची मेहनत माझ्या पोटात. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. मी नवी कोरी होते. खाऱ्या वाऱ्याने अंगाला गंज चढेल, एवढीच माझी काळजी.

मळ्याच्या चुलाणावर आम्ही पाच बहिणी ओळीने बसलो. थोरलीत रस पडायचा आणि आटत आटत धाकटीकडे यायचा. धाकटी मी. जाळ नेमका माझ्याखाली. धाकट्यांचे लाड होतात असं म्हणतात. आमच्या घराण्यात धाकटीच्या वाट्याला चटके होते.

हंगामात चूल विझायचीच नाही. ऊस तोडणारी, चरकात सारणारी, चिपाडं डोक्यावरून वाहणारी, माझ्यावर वाकून मळी काढणारी, सगळी माणसं आफ्रिकेतून धरून आणलेली, नाहीतर त्यांची इथेच जन्मलेली पोरं. त्यांना विकत घेतलं होतं, जसं मला घेतलं होतं. फरक एवढाच, की चटका बसला तरी मी गप्प बसायची, आणि त्यांना बसला की त्यांनाही गप्प बसावं लागायचं. याला फरक म्हणायचं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

साखर पिंपांत भरून विलायतेला जायची. तिथे लोक ती चहात घालून ढवळत असतील. कोणाला माझी आठवण येत असेल असं वाटत नाही.

मग एका ऑगस्टच्या पहिल्या तारखेला गुलामगिरी कायद्याने संपली आणि ती सगळी माणसं मोकळी झाली. पुढे मालक मळा सोडून गेला, वादळाने छप्पर नेलं. माझ्या बहिणी कुठे कुठे गेल्या. एक म्हणे कुठल्याशा हॉटेलच्या दारात फुलझाडं पोटात घेऊन बसली आहे. मला मात्र जुबाने नेलं.

जुबा लहानपणापासून माझ्याखालच्या चुलीत चिपाडं सारत आलेली बाई. तिने चार गडी हाताशी धरले, मला चुलाणावरून उखडलं, गावातल्या चिंचेखाली तीन दगडांवर ठेवलं आणि माझ्यात मक्याचं पीठ शिजवलं. बिनमिठाचं, कारण ते मेलेल्यांसाठी होतं. इथे वाडवडिलांच्या ताटात मीठ घालत नाहीत. शिजवून झाल्यावर तिने माझ्या काठावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, “हिच्यात पुन्हा साखर शिजायची नाही. जो शिजवेल त्याच्या स्वप्नात येऊन मी जाब विचारीन.”

कारियाकूत ही धमकी साधी नाही. इथले पूर्वज मेल्यावर गप्प बसत नाहीत. रुसले, भुकेजले, की स्वप्नात येऊन सांगतात, आणि मग घरच्यांना अख्खं गाव जेवू घालावं लागतं. त्या जेवणांसाठी गावाला माझ्यासारखं मोठं भांडं सापडलं. तेव्हापासून माझ्यात तुरीचे दाणे शिजले, भात शिजला, कू-कू नावाच्या घट्ट उकडीसाठी मक्याचं पीठ घोटलं गेलं, बोकडं तर किती उतरली याला गणती नाही. पहिलं वाढप वाडवडिलांच्या ताटात. ते ताट मांडून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी त्याच्यावर तुटून पडायचं. ढोल वाजायचे, म्हाताऱ्या पदर सावरत, म्हणजे घागऱ्याचा घोळ सावरत, नाचायच्या. मला वाटायचं, आपलं भलं झालं. मागचं विसरावं.

गावानेही तेच ठरवलं होतं. जुन्या दिवसांबद्दल सगळ्यांनी मिठाची गुळणी धरलेली.

आता माझी राखण टांटी यूफेमीकडे आहे. टांटी म्हणजे मावशी. ही साऱ्या गावाची मावशी आहे, आणि जुबा हिच्या आजीची आजी. टांटी वयाने वाकली, पण जीभ अजून ताठ. माझ्यात काय शिजायचं, कोणी ढवळायचं, किती जाळ घालायचा, सगळं तिच्या शब्दावर. एकदा एक पाहुणा माझ्या काठावर बसून फोटो काढायला लागला, तर ती म्हणाली, “बस बाबा, बस. जाळ घालू का थोडा?”

तिची भाचेनात ओरिल गावच्या शाळेत इतिहास शिकवते. पोरं गुलामगिरीचा धडा परीक्षेपुरता पाठ करतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात, हे तिला फार लागायचं. म्हणून तिने ला ग्रासच्या पडक्या मळ्यावर खटाटोप मांडला. गावकऱ्यांना घेऊन झाडोरा तोडला, चुलाण पुन्हा बांधलं, कुडाची एक खोपी उभी केली. पोरांनी तिथे यायचं, जुने कपडे घालायचे, चिपाडं वाहायची, दिवसभर त्या काळच्या माणसांसारखं जगायचं आणि मग घरी जायचं, अशी कल्पना. राहिली होती फक्त काहील.

एका सकाळी ती चिंचेखाली आली.

“टांटी, एक मागायचंय.”

“माग की. द्यायचं का नाही ते मी ठरवीन.”

“तांबं हवंय. मळ्यावर. त्यात साखर करायची.”

टांटी तुरीच्या शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला.

“दिवसाढवळ्या प्यायलीस का गं?”

“टांटी, पोरांना कळायला नको का, काय होतं ते?”

“काय करायचंय कळून? माझ्या आजीने मला सांगितलं, तेव्हा मी तीन दिवस जेवले नव्हते. पोरांना जेवू दे.”

“तुला सांगितलं ना तिने? मग तू कोणाला सांगितलंस?”

यावर टांटीने टोपली उचलली आणि घराकडे चालू लागली. दारातून मागे वळून म्हणाली, “काहील ने. ठेव तिथे शोभेला. पण साखर नाही. जुबाने स्वप्नात येऊन हो म्हटलं तर बघू.”

ओरिल पुढे रोज विचारायला यायची. “पडलं का स्वप्न?”

“नाही.”

“तू झोपतेस तरी का टांटी? तुझ्या खिडकीत तर कायम दिवा!”

“म्हाताऱ्या माणसाला झोप कुठली?”

“मग ती बिचारी येणार कधी?”

मला हसू आलं असतं, पण बिडाला हसता येत नाही. शेवटी मला रिकामीच मळ्यावर नेलं. जुन्या चुलाणावर, जुन्या जागी. बसले तेव्हा अंगावर काटा आला म्हणणार होते, पण माझ्या अंगावर गंजाशिवाय काही येत नाही. भीती मात्र वाटली, खरंच वाटली.

पहिला वर्ग आला आणि सगळी फजिती झाली.

मुकादम व्हायला गावात कोणी तयार होईना. ज्याला विचारावं तो म्हणे, “माझ्या आईला काय वाटेल?” शेवटी क्लेवनला गळ घातली. क्लेवन नावा बांधतो. इतका गरीब स्वभावाचा, की लाकडाला खिळा मारतानाही त्याचं तोंड कसनुसं होतं. त्याला उंच टोपी घातली, हातात चाबूक दिला. पोरं रांगेत उभी. क्लेवन खोपीमागून दणादणा पावलं टाकत आला, पोरांसमोर उभा राहिला, चाबूक उगारला आणि म्हणाला, “गुड मॉर्निंग!”

त्याचा तरी काय दोष! आमच्याकडे चार माणसांसमोर जाऊन राम राम न करता तोंड उघडणं म्हणजे आईबापांचा उद्धार करून घेणं. पोरांनीही एका सुरात उत्तर दिलं, “गुड मॉर्निंग, अंकल क्लेवन!”

पुढे सगळं तसंच. “ती मोळी उचल,” असं ओरडायचं होतं, तर हा म्हणे, “उचलशील का जरा, बाळा? जड आहे का? थांब, मी धरतो.” पोरांनी चिपाडं इकडून तिकडे नेली, एकमेकांच्या डोक्यावर ठेवली, रिकाम्या काहिलीत वाकून आरोळ्या ठोकल्या. माझ्या पोटात आवाज घुमतो, ते त्यांना फार आवडलं. कदिशा नावाची एक मुलगी होती, पुढचे दोन दात नुकतेच आलेली. जाताना ती ओरिलला म्हणाली, “मिस, मस्त मजा होती त्या लोकांची. काका किती चांगले होते! आणि रोज साखर खायला मिळायची ना त्यांना? ते करायचेच ना साखर?”

आणि माझ्या पलीकडे, भिंतीच्या सावलीत, टांटी बसली होती. माझ्यात कोणी साखर शिजवत नाही ना, हे बघायला आलेली. तिने ते ऐकलं. मी तिचं तोंड पाहिलं. एखाद्याने भर सभेत कानाखाली वाजवावी तसं झालं होतं.

पोरं गेल्यावर ओरिल माझ्या काठाला टेकून रडली. “हात दाखवून अवलक्षण झालं, टांटी. पुस्तक वाचून निदान विसरत तरी होती. आता चुकीचं लक्षात ठेवतील. बंद करते हे सगळं. उद्याच तांबं परत पाठवते.”

टांटी काठी टेकत निघून गेली. मला वाटलं, संपलं. आपण पुन्हा चिंचेखाली जाणार, बोकड शिजवणार आणि जे पाहिलं ते पोटात घेऊन एक दिवस गंजून फुटणार. मला त्यात सुख वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

काही दिवसांनी टांटीच मळ्यावर आली. मागे क्लेवन, त्याच्या खांद्यावर उसाची मोळी.

ओरिल बघतच राहिली. “टांटी! स्वप्न पडलं?”

“नाही पडलं. किती वाट बघायची? तिने सगळं सांगून ठेवलंय, माझीच दातखिळी बसलीय, तर ती मेल्यावर आणखी काय सांगणार?” टांटीने काठी माझ्या अंगावर ठक्कन वाजवली. “हिच्यात साखर होईल. पण विकायची नाही, फोटोला नाही. ज्यांनी जन्मभर ढवळली त्यांच्यासाठी होईल. आणि या क्लेवनला तो चाबूक देऊ नकोस. बघवत नाही.”

“देवा, सुटलो,” क्लेवन म्हणाला.

तोच वर्ग पुन्हा आला. या वेळी कोणी मुकादम नव्हता, नुसतं काम होतं. टांटीने आधी जमिनीवर पाणी शिंपडलं, मग रम शिंपडली, पूर्वजांना नावानिशी हाक मारली. मग चूल पेटली. कितीतरी पिढ्यांनंतर माझ्यात उसाचा रस पडला. तो वास! मला त्या वासाचा राग होता, आणि त्याच वासाने माझं सगळं बालपण परत आलं. दोन्ही एकदम कसं होतं, ते मला विचारू नका.

पोरांनी चिपाडं वाहिली. पहिल्यांदा हसत. मग मानेवर चिपाडांची कुसळं टोचायला लागली, तेव्हा हसू थांबलं. चुलीत सारायला वाकलं की डोळ्यांत धूर जायचा. ओरिल त्यांना सावलीत बसवायची, पाणी द्यायची आणि दर वेळी सांगायची, “त्यांना बसायला मिळत नव्हतं.” लांब दांड्याच्या पळीने मळी काढायची पाळी प्रत्येकाची यायची. जवळचं, धोक्याचं काम क्लेवनकडे. दुपार कलली, रस दाटला, फुगे जड झाले. टांटीने पाक अंगठ्या-बोटात धरून तार बघितली आणि “उतरवा” म्हणाली.

साखर गार झाली. भुरकट, ओलसर, प्रत्येक पोराच्या वाट्याला एकेक खडा येईल एवढीच. पोरं तिच्याभोवती माश्यांसारखी गोळा झाली. कदिशाने बोट पुढे केलं.

“थांब,” टांटी म्हणाली. तिने केळीचं पान पसरलं. “सगळी इथे ठेवा. ही तुमची नाही.”

“थोडी पण नाही?”

“कण पण नाही.”

कदिशाचं तोंड लाल झालं. धुराने डोळे आधीच चुरचुरत होते, आता ते भरून आले. ती पाय आपटून ओरडली, “पण आम्ही केली! सकाळपासून! माझी मान सोललीय! आम्ही केली, मग आमचीच ना!”

कोणी लहान मुलगी टांटीवर ओरडते, हे गावात कोणी पाहिलं नव्हतं. ओरिल पुढे सरली, पण टांटीने हात करून तिला थांबवलं. मग ती म्हातारी सावकाश खाली बसली, कदिशाच्या उंचीला आली.

“बरोबर बोललीस,” ती म्हणाली. “जुबा हेच म्हणाली होती. तुझ्याएवढी होती. इथेच, याच काहिलीपाशी. सकाळपासून चिपाडं वाहिली होती आणि काठाला लागलेली साखर तिने बोटाने चाटली. मुकादमाने पकडलं. ती म्हणाली, आम्ही केली. मग त्यांनी तिच्या तोंडाला लोखंडाची जाळी बांधली. मागून कुलूप. हंगाम संपेपर्यंत ती जाळी तोंडावर घेऊन ती चिपाडं वाहत होती. पाणी पितानाही जाळीतून. माझ्या आजीने तिच्या गालावरचे वळ पाहिले होते, म्हातारपणीसुद्धा.”

चुलीत एक चिपाड तडकलं.

हे खरं आहे. मी तिथे होते. ती साखर माझ्या काठाची होती. ते कुलूप लागल्याचा आवाज मी ऐकला आणि मला तोंड नव्हतं. टांटीने हे सांगेपर्यंत मला वाटायचं, गप्प राहिलं की ते कमी होईल.

कदिशाने आपल्या वाटणीचा खडा उचलला, पानाच्या मधोमध ठेवला आणि हळूच विचारलं, “टांटी, तिला पुरेल ना एवढी?”

“पुरेल गं,” टांटी म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. एकेका पोराने आपापला खडा तिथे ठेवला. कोणाला सांगावं लागलं नाही. क्लेवन तर केव्हाचा नाक ओढत होता.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, तरी सगळा वर्ग सकाळीच मळ्यावर हजर. वाडवडिलांचं खाऊन झालं की उरलेलं पोरांचं, हा इथला रिवाज आहे. कदिशा साखर चोखता चोखता बाकीच्यांना जुबाची गोष्ट सांगत होती, जणू ते काल तिथे नव्हतेच. ओरिलने टांटीला विचारलं, “आली होती का स्वप्नात? रागावली का?”

“कुठली येते,” टांटी म्हणाली. “पोट भरलेलं माणूस कशाला उठून येईल?”

आता मी मळ्यावरच असते. गावजेवण असलं की चिंचेखाली जाते, आणि मग परत येते. माझा एक कान तुटलाय, पोटाला पोचे नाहीत पण खवले सुटलेत, पावसाळ्यात बेडूक मुक्कामाला असतात. इतर बेटांवरूनही बोटीने शाळा येतात. टांटी खुर्चीत बसून सगळ्यांवर तोंड सोडते. साखर होते, पान पसरलं जातं, आणि प्रत्येक वर्गात कोणीतरी असतंच, जे तोंड लाल करून ओरडतं, “पण आम्ही केली!”

त्या वाक्याची मी कान देऊन वाट बघते. तुम्हीही तुमची पोरं घेऊन कधी आलात, तर त्यांना गोड बोलून समजावू नका, खिशातून चॉकलेट काढून देऊ नका. त्यांना रागावू द्या. ज्या दिवशी एखादा वर्ग निमूटपणे सगळी साखर देऊन टाकेल, त्या दिवशी मला काळजी वाटेल. अजून तरी तसा एकही वर्ग आलेला नाही.